पुंगळीच्या आतली रेघ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. एक म्हणते खरी, पण आता मी अर्धीच उरले आहे. शिकारीच्या मोठ्या रायफलीत जे काडतूस भरतात, त्यातली गोळी उडून जाते, दारू जळून जाते आणि मागे पितळेची जी नळी राहते, ती मी. कौतुक गोळीचे होते, कारण ती लांब जाते. मी कुठेच जात नाही. पोटात आग घेते, फुगते आणि धूर ओकत बाहेर पडते. आयुष्यभर हेच केले. आता थकले आहे, म्हणून सावकाश सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेच्या जाड पत्र्यातून एक चकती कापली, तिची वाटी केली आणि ती वाटी ओढून ओढून माझ्याएवढी लांब केली. मग माझी मान आवळली, बुडाला ठिणगी पाडणारी चिमुकली टोपी बसवण्यापुरता खळगा केला आणि कमरेला पितळेचाच एक पट्टा ठेवला. मोठ्या जोराच्या काडतुसांना असा पट्टा असतो. तेव्हा मी नवी होते. त्या पट्ट्याचा मला फार अभिमान वाटायचा.

आमची पेटी जहाजाने आणि पुढे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने अलास्कातल्या कोडियाक बेटावर आली. खाडीच्या काठी लाकडी घरांचे एक गाव होते. तिथे आमची पेटी उघडली ती केंतीने. त्याचे बाप्तिस्म्याचे नाव इनोकेंती, पण पाद्री सोडला तर त्या नावाने त्याला कोणी हाक मारत नसे. तो तिथल्या मूळच्या अलुतीक लोकांपैकी. उन्हाळ्यात मासे धरायचा, आणि वसंतात व शरदात अस्वलाच्या शिकारीला दुरून येणाऱ्या पाहुण्यांचा वाटाड्या व्हायचा. त्या बेटावरचे तपकिरी अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले की घराच्या वळचणीला नाक लावते. पाहुण्याचा नेम चुकला आणि अस्वल जखमी होऊन झुडपात शिरले, तर त्याच्यामागे आत जायचे काम वाटाड्याचे. केंतीची रायफल त्या एका कामासाठी होती.

पेटी आणली त्याच दिवशी केंतीने आम्हाला किनाऱ्यावर झाडून पाहिले. दूर एका ओंडक्यावर कागद लावला होता. त्याची बायको पोलिना, कडेवर लहानगी मारफा घेऊन, कागद बघायला गेली. भोके सगळीकडे विखुरली होती.

"केंती, अस्वलाला आधी सांगशील ना," ती तिथूनच ओरडली, "की जरा डावीकडे सरकून उभा राहा म्हणून?"

केंतीला ते लागले. त्याने वाळूतून आम्हाला एकेक करून उचलले, फुंकर मारून वाळू झाडली आणि खिशात घातले. कारखान्यातून भरून आलेली काडतुसे सगळ्या रायफलींसाठी सारखीच असतात. त्याच्या रायफलीला ती मानवत नव्हती. आता आपली काडतुसे आपणच भरायची, असे त्याने ठरवले. कुठल्याशा म्हाताऱ्या मच्छीमाराचे एक हाताने चालवायचे दाबयंत्र त्याने मिळवले आणि स्वयंपाकघराशेजारच्या पडवीत, एका जाड फळीवर ते घट्ट बसवले. शेजारी तराजू ठेवला. तो इतका हलका, की कोणी दार उघडले तरी त्याचा काटा डुलायचा.

त्या पडवीतच माझे खरे आयुष्य गेले.

काम असे असायचे. जळलेली टोपी काढायची. मला चरबीचा हात लावून पोलादी साच्यात दाबायचे, म्हणजे आगीने फुगलेले माझे अंग पुन्हा मापात यायचे. मग नवी टोपी, मग दारू, मग मानेत गोळी. सुरुवातीला दारू कमीच धरायची. त्या मापाची काडतुसे किनाऱ्यावर नेऊन, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून झाडायची. मग माप केसभर वाढवायचे आणि पुन्हा झाडायचे. कागदावरची भोके जवळ येतात का ते बघायचे. माझ्या बुडाची टोपी चपटी झाली का, काडतूस आत-बाहेर करणारा रायफलीचा बोल्ट उचलताना जड लागतो का, हेही बघायचे. जड लागला की आत जोर जास्त झाला, तिथून मागे फिरायचे. गोळी मानेत किती खोल बसवायची, यावरही पुष्कळ काही फिरते. या शोधात केंतीचा एक अख्खा वसंत गेला.

पोलिना पडवीच्या दारात उभी राहून टोमणे मारायची. "मासे खारवताना मीठ मुठीनं टाकतोस, आणि इथे दाण्यादाण्यासाठी श्वास रोखून बसतोस."

"मीठ जास्त झालं तर तू ओरडतेस," केंती तराजूवरची नजर न हलवता म्हणायचा. "इथे जास्त झालं तर ओरडून घ्यायला मी उरणार नाही."

शेवटी एका दुपारी कागदावरची भोके एकमेकांना चिकटली. केंती तो कागद घेऊन पळत घरी आला आणि कोपऱ्यातल्या संतांच्या तसबिरींशेजारी लावायला निघाला. पोलिनाने त्याचा हात धरला. "तिथे नाही हं. चुलीवर लाव. संतांनी काय पाप केलंय?" तो कागद चुलीवर लागला आणि धुराने काळा होईपर्यंत तिथेच राहिला. त्या संध्याकाळी पोलिनाने मला उचलून हातात धरले आणि म्हणाली, "एवढीशी आहे. हिच्यात एवढं बळ?" मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेली ही एकच शाबासकी. पण ती मला पुरली.

पुढची वर्षे कामाची गेली. ती मी एकेक करून सांगत नाही, कारण ती सगळी सारखीच होती. आग लागली की मी फुगायचे. साच्यात घातले की आवळले जायचे. पुन्हा आग, पुन्हा साचा. तुम्ही कधी ओले कपडे पिळले असतील, वाळवून पुन्हा पिळले असतील. कपड्याला काय वाटते, ते मला कळते. माझी मान कडक व्हायची तेव्हा केंती ती ज्योतीवर धरून मऊ करायचा. माझ्या पेटीतल्या कितीतरी जणींच्या माना तडकल्या आणि त्या भंगारात गेल्या. मी टिकले. टिकणारीला जास्त काम मिळते, हे मला तेव्हा कळले.

आणि माझ्या आत, पट्ट्याच्या थोडे वर, एक रेघ पडू लागली. दर वेळी मी लांबायचे ती तिथूनच. तिथले पितळ पातळ होत गेले. बाहेरून काही दिसत नव्हते. केंती मला इतके पुसायचा, की मी नव्यासारखी लखलखायचे.

पोलिना गेली, तेव्हा पडवीचे दार बरेच दिवस उघडले नाही. मग केंती परत येऊन बसू लागला. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. पण मला वेगळेच काही जाणवले. त्याची पकड बदलली होती. पूर्वी तो मला दोन बोटांत अलगद धरायचा. आता मुठीत आवळून धरायचा, जणू मी पळून जाणार आहे. थंड पाण्यात जाळी ओढून ओढून त्याच्या बोटांच्या टोकांना आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही येईनाशा झाल्या. चिमुकल्या टोप्या हातातून निसटायच्या. त्या शोधत तो गुडघ्यांवर बसायचा आणि दिव्याला शिव्या द्यायचा. दिव्याचा काही दोष नव्हता. मला ते माहीत होते, पण मला तोंड आहे ते फक्त धुरासाठी.

आता जे सांगते ते एका वसंतातले आहे. बर्फ उताराला लागले होते आणि अस्वले बाहेर पडू लागली होती. हॅडली नावाचा एक दातांचा डॉक्टर चार-सहा दिवसांत शिकारीला येणार होता. केंती पडवीत बसून जुन्या पुंगळ्या तपासत होता. ती तपासणी एका वाकवलेल्या तारेने होते. तार पुंगळीत घालून तिच्या टोकाने आतली भिंत चाचपायची. पट्ट्याच्या वर टोक अडखळले, तर समजायचे की पितळ पातळ झाले आहे. अशी पुंगळी रायफलीत फाटते. मागचा तुकडा बाहेर येतो आणि पुढचा आत अडकून बसतो. मग दुसरे काडतूस जात नाही. समोर अस्वल असेल तर पुढचे मी सांगायला नको.

केंतीने माझ्यात तार फिरवली. ती माझ्या रेघेत अडखळली. मला ते लख्ख जाणवले.

"चांगली आहे," केंती म्हणाला आणि त्याने मला चांगल्यांच्या रांगेत उभे केले.

तेवढ्यात मारफा आली. कडेवरची ती मारफा आता चाळिशी ओलांडलेली बाई होती. स्वतःची मासेमारीची बोट चालवायची आणि गेली काही वर्षे बापाबरोबर वाटाड्या म्हणूनही जायची. ओल्या बुटांनिशीच ती आत आली, चहा ओतून घेतला, बिस्किटावर सुक्या माशाचा तुकडा ठेवून खाल्ला आणि खाता खाता रांगेतून मला उचलले. तार घेतली, आत फिरवली. खाणे थांबले. पुन्हा फिरवली.

"ताता, हिच्यात रेघ आहे."

"नाही."

"आहे. हे बघा, तार अडते इथे."

"तुझी तार वाकडी आहे."

"तार वाकडीच असते, ताता. वाकडी आहे म्हणून तर लागतंय." तिने दुसरी उचलली. मग तिसरी. "हिच्यातही आहे. हिच्यातही." मग तिने पुन्हा मला उचलले.

"मारफा, ठेव ती. ती माझ्या पहिल्या पेटीतली आहे. तुझ्या आईनं ती हातात घेतली तेव्हा तू चालायलाही लागली नव्हतीस."

"तेच म्हणते मी. माझे गुडघे कुरकुरायला लागले, आणि हिला काहीच होऊ नये?"

"गुडघा आणि पितळ एक नव्हे."

"मग कापून बघा."

केंतीचा चेहरा तांबडा झाला. त्याने मला तिच्या हातातून हिसकावून घेतले, लोखंडी पकडीत आडवे आवळले आणि बारीक दातांची करवत उचलली. "बघच आता," तो म्हणाला. "बघ, आणि मग माफी माग."

दुखले का, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, इतक्या वर्षांच्या आगीनंतर करवतीचे काय मोठे? मला फक्त एवढेच वाटत होते, की लवकर होऊन जाऊ दे.

करवत निम्म्यावर आली तेव्हा माझ्या अंगावर लाल थेंब पडला. मग आणखी एक. केंती थांबला. वाकून त्याने माझ्याकडे निरखून पाहिले.

"हे काय सांडलं?"

मारफा उठून उभी राहिली. "ताता, हात."

"काय हातात?"

"रक्त आहे ते. तुमचं."

त्याने डावा हात वर केला. अंगठ्याच्या बाजूला चांगली खोल चीर पडली होती आणि रक्त मनगटावरून बाहीत चालले होते. केंती त्या अंगठ्याकडे असा बघत राहिला, जसा तो दुसऱ्या कोणाचा आहे आणि त्याला नुसता सांभाळायला दिला आहे. करवत कधी लागली, हे त्याला कळलेच नव्हते.

मारफाने फडके फाडून अंगठा बांधला. बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते.

"तुला कधीपासून माहीत आहे?" केंतीने विचारले.

"मागच्या शरदापासून. दोरीच्या गाठी दातांनी सोडायला लागलात, तेव्हापासून."

"दातांनी लवकर सुटतात."

"दात राहिलेत किती?"

त्याच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला, पण तो हसला नाही. "उरलेली तू काप," तो म्हणाला.

मारफाने मला शेवटपर्यंत उभे कापले. माझे दोन भाग फळीवर पडले आणि माझ्या आतले ऊन-पाऊस, जे कोणी कधी पाहिले नव्हते, ते उजेडात आले. खाली बुडाशी पितळ जाड होते, वर भिंत बरी होती. मधे, पट्ट्याच्या वर, दोन्हीकडे एक चकाकणारी रेघ होती आणि तिथे पितळ कांद्याच्या पापुद्र्याएवढे राहिले होते. केंतीच्या बोटांना जे कळले नाही, ते त्याच्या डोळ्यांना दिसले.

"पुढच्या बाराला फाटली असती," तो म्हणाला.

"हो."

"तू माझ्या मागे असतीस. झुडपात."

"हो, ताता."

त्याने ती चांगल्यांची अख्खी रांग एका हाताने फळीवरून बादलीत लोटली. माझ्या बहिणींचा तो आवाज मी अजून विसरले नाही.

मग तो म्हणाला, "त्या दातवाल्याला कळव. येऊ नकोस म्हणावं. पुंगळ्या नाहीत."

मारफा बाहेर गेली आणि बोटीतून एक पेटी घेऊन आली. आत नव्या कोऱ्या पुंगळ्या होत्या. त्यांचे पट्टे झगझगत होते.

"या कधी आणल्यास?"

"हिवाळ्यात."

"म्हणजे माझ्या मरणाची तयारी करून बसली होतीस."

"मरणाची नाही. बोटांची."

केंती उठून घरात निघून गेला. मारफा एकटीच दाबयंत्रापाशी बसली. माझा एक अर्धा भाग तिने घासून त्याची धार मोडली आणि समोर ठेवला. मग तिने बापाचे ठरलेले माप तराजूवर लावले, कारण ते सगळ्या घराला पाठ होते. पहिल्या नव्या पुंगळीत ती दारू ओतणार, इतक्यात दारातून आवाज आला.

"थांब!"

केंती कधी येऊन उभा राहिला होता, कोणास ठाऊक.

"ते माप हिच्यासाठी होतं," त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "ही नवी जात जाड भिंतीची आहे, आत जागा कमी. घर लहान आणि माणसं तेवढीच कोंबलीस, तर भिंती जातील. खालून सुरू कर."

"पुन्हा खालून? ताता, चार दिवस आहेत."

"मग बडबडू नकोस. खालून."

आणि मग मित्रांनो, मी एक नवलाची गोष्ट पाहिली. केंती उलट्या खोक्यावर बसला आणि मारफा काम करू लागली. मुलीला घाई फार. दारू ओतताना काटा पुढे जायचा. केंती नुसता घसा खाकरायचा की ती दाणे परत काढायची. "लोण्याचं भांडं नाही ते," तो म्हणायचा. "चिमटीनं. चिमटीनं टाक." तिने मला तिच्या कोटाच्या खिशात टाकले होते. किनाऱ्यावर गेले की ती मला बाहेर काढून नव्या पुंगळीशी ताडून बघायची आणि परत खिशात टाकायची. त्यामुळे पुढचे सगळे मला कळत गेले.

किनाऱ्यावर वारा आणि गारठा. मारफा झाडायची, केंती बाजूला बसून ऐकायचा. अडचण बोल्टची होती. बोल्ट जड लागतो की नाही, ते हातालाच कळते, आणि त्याच्या हाताला कळत नव्हते.

"जड लागला?"

"थोडा."

"थोडा म्हणजे काय? नीट सांग."

"थोडा म्हणजे थोडा! काय सांगू?"

"ओलं दार चौकटीत अडतं तसा, की घट्ट झाकण फिरवताना लागतो तसा?"

मारफाने पुन्हा बोल्ट वर-खाली केला. डोळे मिटून विचार केला. "ओल्या दारासारखा."

"मग मागे ये. एक पायरी."

असे ते दोघे बोलत राहिले. तिच्या हाताला जे कळायचे त्याला तिने शब्द शोधायचे, आणि तिच्या शब्दांवरून त्याने आत काय झाले ते ओळखायचे. आधी दोघे एकमेकांवर खेकसत होते. मग खेकसणे कमी झाले. पहिल्या दिवशीची भोके पावट्यासारखी विखुरली. दुसऱ्या दिवशी गाराच पडल्या, झाडता आले नाही. तिसऱ्या दिवशी माप जमले, पण गोळी कुठे खोल, कुठे उथळ बसत होती, आणि भोके लांबट पसरत होती. केंतीने साचा पाव-पाव फेरा फिरवून बघायला सांगितले. शेवटी संध्याकाळच्या सुमारास तीन भोके चहाच्या पेल्याच्या बुडाखाली झाकली जातील, इतकी जवळ आली. कागद आणायला केंती स्वतः गेला. वाऱ्यात वाकून, हळूहळू चालत गेला आणि तसाच आला. कागद त्याने खिशात घातला, तो घडी न घालता, नुसता गुंडाळून.

हॅडली आला. गुलाबी चेहऱ्याचा, बोलका माणूस होता. वाटेभर तो मारफाला दातांची काळजी कशी घ्यावी ते सांगत होता. केंतीही बूट चढवून बोटीत बसला होता, नेहमीसारखाच. त्याची रायफल मात्र मारफाच्या खांद्यावर होती. बोट किनाऱ्याला लागली. हॅडली उतरला, मारफा उतरली. केंती बसूनच राहिला.

"मी बोट सांभाळतो," तो म्हणाला.

"बोट नांगरलीय, ताता."

"मग नांगर सांभाळतो."

मारफाने त्याच्याकडे पाहिले. मग मान हलवली आणि वळली. तिचा हात खिशात आला आणि तिने मला घट्ट धरले.

खिशात अंधार असतो, म्हणून पुढचे मी फक्त ऐकले. चढ लागला, बर्फ करकरले. बऱ्याच वेळाने दोघे पोटावर पडले. मारफाने हॅडलीच्या कानात काहीतरी सांगितले. हॅडलीच्या रायफलीचा आवाज झाला आणि लगेच मारफा म्हणाली, "गोळी मागच्या अंगाला लागली. खूप मागे लागली."

"मी... मला वाटलं..."

"पुन्हा मारा. मारा! ...गेलं. आल्डरमध्ये गेलं."

आल्डरची ती झुडपे आडवी वाढतात, एकमेकांत हात गुंतवून. त्यात माणसाला वाकून चालावे लागते, आणि अस्वलाला तसे नाही.

"मी येतो तुमच्याबरोबर," हॅडली घाईने म्हणाला.

"नाही. इथेच बसा. काहीही ऐकू आलं तरी इथेच."

"पण ते तसंच सोडून दिलं तर..."

"तसं सोडत नसतात," मारफा म्हणाली. "त्याला दुखतंय."

ती आत शिरली. फांद्या कोटाला घासत होत्या. दोन पावले, मग थांबणे. पुन्हा दोन पावले. तिचे काळीज मला खिशातून ऐकू येत होते. माझ्या मनात एकच येत होते: आज तिच्या रायफलीत मी असते तर? मी तिथे नव्हते, हे माझे आजवरचे सर्वांत मोठे काम होते.

मग खूप जवळून, उजवीकडून, काहीतरी मोडत आले. ती वळली. पहिला बार झाला. बोल्ट मागे गेला, नवी पुंगळी टणकन बाहेर उडाली, बोल्ट पुढे आला, दुसरा बार झाला. दोन्हींच्या मधे श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मग जमीन हादरेल असे काहीतरी पडले आणि सगळे शांत झाले.

मारफा बराच वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, "झालं रे. झालं आता."

किनाऱ्यावर परतताना मारफाने मला खिशातून काढून हातात धरले होते. केंती गुडघाभर पाण्यात उभा होता. बोटीतून कधी उतरला, त्याचे त्यालाही ठाऊक नसावे. त्याने मारफाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, नंतर हॅडलीकडे, नंतर पुन्हा मारफाकडे.

"शेवटी दोन बार लागोपाठ ऐकू आले," तो म्हणाला.

"हो."

"दुसरा कशाला?"

"पुरे झालं का, म्हणून त्याला विचारत बसले नाही."

"बोल्ट?"

मारफाने थोडा विचार केला. "माशाच्या पोटातून सुरी फिरते ना, तसा."

केंतीने मान डोलावली. मग त्याने तोंड समुद्राकडे केले आणि इंजिनाशी काहीतरी खुडबुड करत राहिला. इंजिनाला काही झाले नव्हते.

त्या दिवसापासून रायफल मारफाकडे आहे. अँकरेज शहरातल्या डॉक्टरांनी केंतीचे हात तपासले. गेलेले परत येणार नाही, उरलेले जपा, असे सांगितले. तो अजूनही पडवीत खोक्यावर बसतो आणि मुलगी काडतुसे भरताना घसा खाकरतो. मला तिने खिडकीच्या फळीवर ठेवले आहे. माझा दुसरा अर्धा भाग कुठे गेला, मला ठाऊक नाही.

इथून अंगणातले न्हाणीघर दिसते. त्याला तिथे बान्या म्हणतात. शनिवारी तिथे दगड तापवतात, गरम पाण्यात गार पाणी मिसळून घेतात आणि सगळे गाव वाफेत बसते. परवाच्या शनिवारी केंती टॉवेल खांद्यावर टाकून दारापर्यंत गेला आणि थांबला. मारफा ओल्या केसांनी बाहेर लाकडे रचत होती.

"मारफा," त्याने हाक मारली. "पाणी बघतेस का गं जरा? जास्त तापलंय का, मला कळत नाही."

एवढ्या वर्षांत हे शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. मारफाने लाकूड खाली ठेवले, आत गेली, पाण्यात कोपर बुडवले. "थोडं गार घाला," ती म्हणाली आणि लाकडे रचायला परत गेली.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. ज्याच्या जिवावर तुमचे रोजचे काम चालते, त्याला पुसून लखलखीत करता, ते चांगलेच आहे. पण कधीतरी आतूनही चाचपून बघा. वस्तू असो की माणूस, दमल्याची रेघ आत पडते. आणि तुमच्या स्वतःच्या बोटांना कळेनासे झाले, तर ज्याला कळते त्याच्या हातात तार द्या. त्यात कमीपणा नाही. आता बोलून मी दमले आहे. मला इथे फळीवर पडू द्या, आणि जाता जाता, तुमच्या घरात कोणी आज दिवसभर गप्प असेल, तर त्याच्याशेजारी घटकाभर बसा.